पडद्यावरचे जहाज आणि पाण्यातले जहाज

आधुनिक जहाजावर जायरो होकायंत्र, जीपीएस, रडार, वेग मोजणारा लॉग, खोली मोजणारा इको साउंडर, इलेक्ट्रॉनिक नकाशा आणि ऑटोपायलट ही सगळी उपकरणे एकाच जाळ्यात गुंफलेली असतात. इंजिनरूममध्ये हजारभर ठिकाणचे तापमान, दाब आणि टाक्यांमधल्या पातळ्या अलार्म-मॉनिटरिंग प्रणालीकडे येतात. कोणता जनरेटर कधी सुरू करायचा आणि भार कसा वाटायचा हे पॉवर मॅनेजमेंट प्रणाली ठरवते. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या नौकांवर यात डायनॅमिक पोझिशनिंगची, म्हणजे डीपीची भर पडते. नांगर न टाकता, थ्रस्टरच्या जोरावर नौका एका जागी धरून ठेवणारी ही प्रणाली होय. या सर्वांना मिळून एकात्मिक नियंत्रणप्रणाली म्हटले जाते.

तिचे फायदे उघड आहेत. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारातील तरतुदी पाळणाऱ्या जहाजाची इंजिनरूम रात्री माणसाविना चालू शकते. ड्युटी इंजिनिअर केबिनमध्ये झोपतो आणि काही बिनसले तर अलार्म त्याला उठवतो. ब्रिजवर एकच अधिकारी एका खुर्चीतून नकाशा, रडार आणि सुकाणू सांभाळतो. धोका मात्र वेगळ्या जागी आहे. जीपीएस एका कंपनीचे, ऑटोपायलट दुसरीचा, ब्रेकर तिसरीचे. ते जोडले शिपयार्डने. प्रत्येक उपकरण स्वतःची तपासणी स्वतः करते आणि ‘मी ठीक आहे’ असे सांगते. दोन उपकरणांमधल्या सांध्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. जहाजांवरच्या गाजलेल्या अपघातांची चौकशी वाचली तर बिघाड अनेकदा या सांध्यांत सापडतो, आणि जहाजावर काम करणाऱ्या कोणत्याही ईटीओचा, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा, रोजचा अनुभवही याहून वेगळा नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजाचा. ९ जून १९९५ रोजी दुपारी ते बर्म्युडाच्या सेंट जॉर्जेस बंदरातून बॉस्टनकडे निघाले. बंदर सोडल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल तिच्या जोडणीतून निसटली. उपग्रहांचा संदेश थांबला तेव्हा यंत्र बंद पडले नाही. ते आपोआप अंदाजी गणनेवर गेले, म्हणजे होकायंत्राची दिशा आणि लॉगचा वेग घेऊन ‘आपण आता इथे असू’ असे सांगू लागले. या हिशेबात वारा आणि प्रवाह धरलेले नसतात. बदल झाल्याची खूण म्हणून छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरे उमटली आणि मनगटी घड्याळासारखा सेकंदभराचा आवाज झाला. ऑटोपायलटला ही माहिती ‘आता विश्वासार्ह नाही’ हे कळण्याची सोयच नव्हती. जहाज आखलेल्या रेषेवर तंतोतंत चालले आहे, असे तो पुढे जवळजवळ दीड दिवस दाखवत राहिला. १० जूनच्या रात्री साडेदहाच्या सुमारास नँटकेट बेटाच्या पूर्वेला, सुमारे १० मैलांवर, जहाज उथळ वाळूत रुतले. तेव्हा ते आपल्या मार्गापासून १७ मैल भरकटलेले होते. जहाजावर दीड हजार माणसे होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

या जहाजावर दुसरे स्वतंत्र साधनही होते. लोरान-सी हा जमिनीवरच्या केंद्रांकडून संदेश घेणारा ग्राहक चालू होता आणि बरोबर स्थान दाखवत होता. पण त्याच्याशी कोणी ताडून पाहत नव्हते. दर तासाला नकाशावर नोंदलेले स्थान जीपीएसचे, रडारच्या पडद्यावरचे स्थान जीपीएसचे आणि ऑटोपायलटचेही जीपीएसचेच. तीन पडदे एकमताने बोलले की माणसाला धीर येतो; पण तिघांनीही एकाचेच ऐकले असेल तर ते एकमत कवडीमोलाचे असते. इतकेच नव्हे, वाटेत दिसायला हवी ती बोया रडारवर दिसल्यासारखी वाटली आणि अधिकाऱ्याने तीच समजून पुढे वाटचाल केली. ती वेगळी बोया होती.

यातून निघणारी पहिली सवय साधी आहे. ब्रिजवर प्रत्येक उपकरणासमोर ‘हे कोणाकडून ऐकते?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर एका कागदावर उतरवून काढावे. स्थानाची खात्री करताना त्या कागदावर ज्याचा उगम वेगळा आहे तेच साधन वापरावे: रडारने मोजलेले किनाऱ्याचे अंतर, दीपगृहाची डोळ्यांनी घेतलेली दिशा, किंवा इको साउंडरची खोली नकाशावरच्या खोलीशी जुळते का. जीपीएस बिघडण्याचे प्रकार आता वाढलेही आहेत. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील काही जहाजांचे जीपीएस ती गेलेंजिक विमानतळावर असल्याचे दाखवत होते. तेव्हा अँटेना, केबल, यंत्र सारे धडधाकट होते. संदेशच खोटा होता.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आणि कमी वेळा विचारला जाणारा: माहिती थांबली तर हे यंत्र काय करते? शेवटचा आकडा धरून बसते, शून्य दाखवते, अंदाज बांधते की ओरडते? हस्तपुस्तिकेत याचे उत्तर सापडेलच असे नाही. बंदरात, कॅप्टनच्या परवानगीने, अँटेनाचा प्लग काढून पाहावा. दहा मिनिटांच्या या चाचणीत जे कळते ते चार दिवसांच्या कोर्समध्ये कळत नाही.

इंजिनरूममधल्या सेन्सरांचेही असेच असते. टाकीची पातळी किंवा दाब मोजणारे बहुतेक ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतात. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात करण्यात मोठे शहाणपण आहे. टाकी रिकामी असेल तर प्रवाह ४ असतो आणि वायर तुटली असेल तर शून्य. त्यामुळे ‘रिकामी’ आणि ‘बिघडलेली’ यांत गल्लत होत नाही. मात्र ही खबरदारी वायर तुटण्याविरुद्ध आहे, ओलाव्याविरुद्ध नाही. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या, मुंबईहून तेलक्षेत्राकडे ये-जा करणाऱ्या एका पुरवठा-नौकेवर पावसाळ्यात इंधनाच्या एका टाकीची पातळी पडद्यावर अगदी समाधानकारक दिसत होती. डेकवरच्या जंक्शन बॉक्समध्ये केबल वरच्या बाजूने आत नेलेली होती, तिच्या ग्लँडचे रबर कडक होऊन भेगाळले होते, आणि पाणी केबलच्या अंगावरून सरळ टर्मिनलपर्यंत पोहोचत होते. खाऱ्या ओलाव्यातून थोडा जादा प्रवाह वाहू लागला. प्रवाह जास्त म्हणजे पडद्यावर टाकी जास्त भरलेली. आकडा मर्यादेत होता, म्हणून अलार्म नाही. खलाशाने साउंडिंग टेप सोडून पातळी घेतली तेव्हा फरक दिसला. चीफ इंजिनिअरचा पहिला उद्गार होता, ‘टेप नीट सोडली नसशील.’ दुसऱ्यांदा टेप सोडल्यावर बॉक्स उघडला गेला.

उपाय महागडा नव्हता. केबल खालून आत घ्यावी, आत शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबता झोल द्यावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, आणि डेकवरच्या बॉक्सांची झाकणे मान्सूनपूर्वी एकदा उघडून पाहावीत. महत्त्वाच्या टाक्यांचे टेपने घेतलेले माप आणि पडद्यावरचे माप शेजारीशेजारी लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही.

सुट्या जोडणीची सर्वांत मोठी किंमत ‘डाली’ या कंटेनर जहाजाने दाखवली. २६ मार्च २०२४ रोजी रात्री दीडच्या सुमारास बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडताना जवळजवळ ३०० मीटर लांबीच्या या जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला. त्यावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय असल्याने या घटनेची चर्चा इथल्या खलाशांच्या घराघरांत झाली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शोधलेले कारण एवढेसे होते: स्विचबोर्डमधल्या एका वायरीवर नाव लिहिलेली जी छोटी पट्टी असते ती चुकीच्या जागी बसवली होती. पट्टी टर्मिनलच्या तोंडाशी अडली, वायर पुरती आत गेली नाही, आणि कधीतरी ती सुटली. तेवढ्याने ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर पडला.

इथवरची गोष्ट नशिबावर ढकलता येईल. पुढची येत नाही. राखीव ट्रान्सफॉर्मरवर आपोआप जाण्याची सोय जहाजावर होती, पण ती ‘मॅन्युअल’वर ठेवलेली होती. खलाशांनी हाताने ब्रेकर लावून वीज परत आणली, पण तोवर जनरेटरांना इंधन पुरवणारा पंप थांबलेला होता. त्या कामासाठी फ्लशिंग पंप वापरात होता आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होणे त्याच्या रचनेत नव्हते. इंधनाचा दाब घसरला आणि वीज दुसऱ्यांदा गेली. पुलावर आदळेपर्यंत सगळे मिळून चार-एक मिनिटे होती. पायलटांनी वेळेत कळवल्यामुळे पुलावरची वाहतूक थांबली, अन्यथा बळी वाढले असते.

स्वयंचलित यंत्रणा असणे आणि ती चालू असणे यांत असे अंतर असते. ‘मॅन्युअल’ कधीतरी योग्य कारणाने लावले जाते, कारण संपते आणि स्विच तसाच राहतो. म्हणून बंदर सोडण्यापूर्वीच्या यादीत यंत्रे चालू आहेत का एवढेच न पाहता प्रत्येक सिलेक्टर स्विच कोणत्या स्थितीत आहे हे वाचावे. राखीव पंप नेमका कोणता आहे आणि वीज गेल्यावर तो स्वतः उठतो का, याची खरी ब्लॅकआउट चाचणी घ्यावी. जनरेटर हलक्या भारावर चालत असताना घेतलेली चाचणी दिखाऊ असते. टर्मिनल तपासताना नुसती नजर पुरत नाही. वीज बंद करून प्रत्येक वायर दोन बोटांनी हलके ओढून पाहावी. थर्मल कॅमेरा मिळत असेल तर तोही फिरवावा. शिपयार्डमधून नवे आलेले जहाज याला अपवाद नाही. उलट तिथे हे अधिक काळजीने करावे, कारण घाईत बसवलेल्या वायरी पुढे कोणी हातात घेत नाही.

अलार्मचा प्रश्न याच्या उलट टोकाचा आहे. सांधा गप्प राहतो, तर अलार्म अखंड बोलतो. ब्लॅकआउट झाला की एका मिनिटात पडद्यावर शेकडो ओळी येतात आणि मूळ कारण पहिल्या दोन-तीन ओळींत गाडले जाते. रोज दहा वेळा वाजणारा, ‘तो नेहमीचाच आहे’ म्हणून बंद केलेला अलार्म ही कोणत्याही कंट्रोलरूममधली सर्वांत धोकादायक गोष्ट होय. अलार्म वाजत नाही म्हणजे सारे क्षेम, हेही खरे नाही. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविका किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजाची इंजिने बंद पडली तेव्हा वंगणतेलाची पातळी उत्पादकाने सुचवलेल्या प्रमाणापेक्षा कमी होती. जहाज डोलू लागले, तेल टाकीत एका बाजूला गेले, पंपांना हवा लागली आणि इंजिनांनी स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःला बंद केले. हेलिकॉप्टरांना ४०० हून अधिक प्रवाशांना उचलून न्यावे लागले. शांत पाण्यात ठरवलेली अलार्मची मर्यादा खवळलेल्या समुद्राला लागू पडत नाही. हवामानाचा इशारा आला की तेल वाढवावे. रोखून ठेवलेल्या अलार्मांची यादी दर आठवड्याला चीफसमोर ठेवावी, आणि प्रत्येकापुढे कारण व तारीख असावी.

तेलक्षेत्रातल्या नौकांवर गणित आणखी कडक होते, कारण तिथे नौका प्लॅटफॉर्मपासून काही मीटरांवर किंवा पाणबुड्यांच्या वर उभी असते. डीपी-२ श्रेणीत कोणताही एक ब्रेकर, थ्रस्टर किंवा संगणक गेला तरी नौकेची जागा सुटू नये, अशी अट असते. ती कागदावर पूर्ण होते. पण चाचणीत कधी कधी दोन्ही बाजूंचे नियंत्रण एकाच २४ व्होल्ट चार्जरवर चालते असे निघते. वार्षिक डीपी चाचणीत म्हणूनच ब्रेकर खरेच पाडून पाहावे लागतात. मुंबई हायचा २७ जुलै २००५ चा अपघात या पट्ट्यात काम करणाऱ्यांच्या विस्मरणात जाऊ नये. जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी पोहोचवण्यासाठी ‘समुद्र सुरक्षा’ ही नौका प्लॅटफॉर्मजवळ आली. तिच्या थ्रस्टरांविषयी, विशेषतः उजव्या बाजूच्या थ्रस्टरच्या पिच नियंत्रणाविषयी, आधीच शंका होती, म्हणून ती हाताने चालवली जात होती. लाटेने उचलल्यावर तिचा हेलिपॅड गॅसच्या रायझरवर आदळला, आग लागली आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ जण गेले. ‘थोडा मंद चालतो’ असा शेरा असलेला थ्रस्टर ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्राबाहेरच तपासावा, आणि तो सुधारत नसेल तर आत जाण्याचे काम कितीही निकडीचे असले तरी नकार द्यावा. नकार देण्याचा हा अधिकार कॅप्टनला करारात आणि कंपनीच्या नियमांत लेखी दिलेला असावा. बंदरातून येणाऱ्या फोनपुढे तोंडी अधिकार टिकत नाही.

राहिली सॉफ्टवेअरची बाजू. १ जुलै २०२४ पासून करार झालेल्या नव्या जहाजांना वर्गीकरण संस्थांचे सायबर सुरक्षेचे नियम लागू आहेत, पण समुद्रावरची बहुतेक जहाजे त्याआधीची आहेत. त्यांच्यावर दुरुस्तीसाठी येणारा तंत्रज्ञ आपला लॅपटॉप थेट नियंत्रणजाळ्याला लावतो. तो कोणाचा, कधी लावला आणि काय बदलले याची नोंद ठेवावी. प्रत्येक नियंत्रकाच्या प्रोग्रॅमची ताजी प्रत जहाजावर आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयात अशा दोन ठिकाणी ठेवावी. नुसते सुटे कार्ड पुरत नाही; त्यात जुनी आवृत्ती भरलेली असेल तर नवे कार्ड बसवल्यावर प्रणाली पूर्वीच्या चुका नव्याने करू लागते. यूपीएसच्या बॅटऱ्या तारखेने बदलाव्यात, दिवा हिरवा आहे म्हणून ठेवू नयेत. आणि ड्युटी बदलून उतरताना ईटीओने पुढच्या माणसाच्या हाती जी टीप द्यावी, तिच्यात कुठे तात्पुरता जंपर घातला आहे, कोणता सेन्सर बायपास आहे आणि कोणत्या स्विचवर ‘मॅन्युअल’ सोडले आहे हे पॅनलच्या क्रमांकासह लिहिलेले असावे. त्या प्रत्येक ठिकाणी लाल टॅग बांधलेला असावा.