अपूर्णांकापासून अनंतस्पर्शीपर्यंत

परिमेय फलनाची क्षितिजसमांतर अनंतस्पर्शी रेषा काढणे हा वरच्या वर्गांचा विषय होय. तथापि त्याचे बीज प्राथमिक शाळेतील अपूर्णांकांच्या पाठातच पडते. ते तेथे नीट न रुजल्यास विद्यार्थी पुढे नियम पाठ करतो. कारण मात्र त्यास सांगता येत नाही.

प्रथम परिचित उदाहरण घ्यावे. मोठ्या पिंपात 5 लिटर पाणी आहे. त्यात क्ष लिटर निर्भेळ दूध ओतल्यास मिश्रणातील दुधाचा भाग क्ष / (क्ष + 5) होतो. 5 लिटर दूध ओतल्यास तो 1/2, 45 लिटर ओतल्यास 9/10 आणि 495 लिटर ओतल्यास 99/100 होतो. हा भाग 1 च्या जवळ जातो. परंतु मूळचे पाणी पिंपात राहतेच, म्हणून तो 1 होत नाही. आलेखातील य = 1 ही आडवी रेषा या फलनाची अनंतस्पर्शी होय.

रीत अशी : छेदातील क्षच्या सर्वांत मोठ्या घाताने अंश व छेद या दोहोंस भागावे. उदाहरणार्थ,

य = (3क्ष² + 2क्ष) / (क्ष² + 4)

यास क्ष² ने भागल्यास

य = (3 + 2/क्ष) / (1 + 4/क्ष²)

क्ष वाढत गेला की 2/क्ष व 4/क्ष² शून्याजवळ जातात. उरतात 3 आणि 1; म्हणून अनंतस्पर्शी य = 3.

यावरून तीन नियम निघतात :

1. अंशाचा घात छेदाच्या घाताहून लहान असल्यास अनंतस्पर्शी य = 0.
2. घात समान असल्यास सर्वोच्च पदांच्या सहगुणकांचे गुणोत्तर घ्यावे.
3. अंशाचा घात मोठा असल्यास क्षितिजसमांतर अनंतस्पर्शी नसते.

आलेख अनंतस्पर्शीस कधीच छेदीत नाही, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. वरील उदाहरणात क्षच्या 1, 2, 6, 10, 100 या किमतींस य अनुक्रमे 1, 2, 3, 3.08, 3.02 येतो. क्ष = 6 असता आलेख रेषेस छेदून वर जातो व पुढे वरून तिच्याजवळ येतो. क्ष फार मोठा झाल्यावर काय घडते, एवढेच अनंतस्पर्शी सांगते.

फार मोठ्या राशीपुढे लहान पदाचे महत्त्व उरत नाही, या विचाराशी मिळतीजुळती कल्पना बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आढळते. शून्याने भागलेल्या राशीस त्यांनी ‘खहर’ म्हटले. तीत काही मिळविले वा वजा केले तरी बदल होत नाही, असे सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख कन्नड घाटाखालील, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील 1207 सालच्या शिलालेखात आहे. शून्याने भागणे आजचे गणित ग्राह्य मानीत नाही. येथे भागाकार वाढत्या संख्येने होतो, हा भेद शिक्षकांनी स्पष्ट करावा.

पाठ घेताना विद्यार्थ्यांकडून प्रथम अंदाज, मग तक्ता व आलेख करवून घ्यावा. नियम शेवटी आणि शक्यतो त्यांच्याच मुखातून यावा.