आधी कापूस, मग वाघ

प्रश्न : टिपेश्वरच्या वाघांसाठी ६०० मिमीची लेन्स घेतली, तर माझे फोटो सुधारतील का? (पांढरकवडा)

उत्तर : वाघ मोठा दिसेल, फोटो सुधारेलच असे नाही. आधी वेचणीच्या दिवसांतले कापसाचे शेत टिपून पाहा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरी करडेच धरून चालतो, म्हणून फुटलेला पांढराशुभ्र कापूस मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ केले की तो उजळतो; मात्र हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळला, तर तंतूंचा पोत गेलाच म्हणून समजा. हा निर्णय कोणतीही महागडी लेन्स तुमच्यासाठी घेत नाही. लांबच्या वाघाला टेलिलेन्स लागतेच, हे मान्य. ती सफारीपुरती भाड्याने मिळाली तर घ्या. सरावाला शेत रोज आहे, सकाळच्या तिरप्या उन्हात. वेचणाऱ्या बायांचे फोटो काढण्याआधी मात्र त्यांना विचारा.