मृगाआधी कॅक्टस आडोशाला घ्या

गच्चीवरचा कॅक्टस मे महिन्याच्या उन्हात मरत नाही. तो मरतो जुलै-ऑगस्टात, आणि आपल्याला कळते दिवाळीच्या साफसफाईत, कुंडी हलवताना गोळा बुडातून सुटून हातात येतो तेव्हा. आपल्या भागात पाण्यावाचून गेलेला कॅक्टस क्वचितच सापडेल. जातो तो कुजूनच. म्हणून रोहिणी सरायच्या आत हे लिहितो आहे.

अडचण अशी की सातारा-सांगलीला एकच सल्ला लागू पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात जेमतेम 500. जत-आटपाडीचीही तीच गत. ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा छापील नियम या दोन्हीकडे कुचकामी आहे.

जावळी, पाटण, शिराळ्याचा डोंगरी पट्टा इथल्या लोकांनी मृग निघण्याआधी कुंड्या छताखाली घ्याव्यात. शेडनेट पाऊस अडवत नाही, फक्त ऊन कमी करते; म्हणजे नको ते घडते. द्राक्षबागेवरचे जुने प्लास्टिक मिळाले तर ते उत्तम. उजेड येतो, पाणी येत नाही. बाजू मात्र मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. सप्टेंबरअखेरपर्यंत पाणी जवळजवळ बंद. गोळा थोडा आक्रसला तर घाबरू नका.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ इकडे उलटे आहे. जून-जुलैत ढग आणि वारा भरपूर, पाऊस भुरभुर. मेक्सिकोतही बहुतेक कॅक्टसना उन्हाळी पाऊसच मिळतो, त्यामुळे हा त्यांच्या वाढीचा काळ. ती भुरभुर लागू द्या. उघडीप लांबली आणि कुंडीतले मिश्रण तळापर्यंत सुकले तर संध्याकाळी एकदा पाणी द्या. खरा धोका उत्तरा आणि हस्तात. परतीचा पाऊस दोन-तीन दिवस बसला की सगळे वर्ष वाया. 10 सप्टेंबरच्या आत कुंड्या आत घ्या.

कृष्णाकाठच्या मंडळींची गोष्ट निराळी. पलूस, वाळवा, मिरजेकडे पावसापेक्षा मातीच जास्त कॅक्टस मारते. उसाला सोन्यासारखी असलेली काळी जमीन कुंडीत भरली की ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. मिश्रण असे करा: दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग जाड वाळू किंवा वीटचुरा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. मुरूम चाळताना चाळणीवर राहणारे हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे आणि खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची. बहुतेक जण नेमके उलटे करतात. कुंडी मातीची, गोळ्यापेक्षा इंच-दोन इंचच मोठी. भरल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते वर साचून राहिले, तर मिश्रण पुन्हा करा. लावणीनंतर आठवडाभर पाणी द्यायचे नाही. मुळांना झालेल्या जखमा आधी सुकू द्यायच्या.

पूर्व भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की समजा, मुळांपाशीही तेच चालले आहे. पत्र्यावरचे पावसाचे पाणी दोन-चार कॅन साठवून ठेवले तरी या झाडांना वर्षभर पुरते.

खताचा मोह आवरा. गोल्डन बॅरलच्या बिजवाईचे रोप मोठे व्हायला वर्षे लागतात, फुलायला तर दीड-दोन दशके. ॲरिझोनातला सग्वारो पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो. युरिया घातला म्हणून ही घाई होत नाही. अंग फुगते, साल तडकते आणि त्या चिरेतून कूज आत जाते. द्यायचेच तर 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या काळात महिन्यातून एकदा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत खत नाही, पाणीही नावापुरते. हा कोरडा विसावा मिळाला नाही तर फुलांची आशा सोडा.

पिठ्या ढेकूण द्राक्षवाल्यांना सांगायला नको. काट्यांच्या मुळाशी कापूस दिसला की स्पिरिटचा बोळा फिरवा. बागेतली फवारणी इकडे वळवू नका. शेजारच्या फड्या निवडुंगावरचा कापूस बोटाने चुरडून बोट लाल झाले, तर तो कोचिनील किडा. फड्या निवडुंग आवरण्यासाठी तो 1926 मध्ये मुद्दाम दक्षिण भारतात आणला गेला होता. फड्यांपासून आपल्या कुंड्या दूर ठेवा.

बुड मऊ पडलेच तर स्वच्छ सुरीने तपकिरी डाग संपेपर्यंत खालून वर काप घेत जा, कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लावा, सावलीत आठ-दहा दिवस सुकवा आणि कोरड्या वाळूवर ठेवा. उभ्या, खांबासारख्या जातींना मुळे फुटतात. गोल गोळा मात्र सहसा वाचत नाही.

वाढ लवकर हवीच असेल, तर ड्रॅगन फ्रूट लावलेल्या शेतकऱ्यांकडे कलमासाठी एक हुकमी साधन पडून असते. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या टोपीचे जे कॅक्टस मिळतात, त्यांचा खालचा हिरवा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्याच गोत्रातला असतो. छाटणीतले वीतभर कांडे मुळे धरल्यावर वरून आडवे कापा. बियांपासून वाढवलेले वाटाण्याएवढे रोप तळाशी कापून त्यावर बसवा. दोन्ही कापांच्या मधोमध गोल कडे दिसते; ती कडी एकमेकांना निदान एका बाजूने भिडली पाहिजेत, नाहीतर कलम लागत नाही. रबराने हलके बांधून आठवडाभर सावलीत ठेवा. वाढ कित्येक पटींनी होते. मात्र हा दांडा थंडीला नाजूक आणि काही वर्षांनी थकतो, तेव्हा गोळा उतरवून स्वतःच्या मुळांवर घ्यावा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे या भानगडीत न पडलेले बरे.

आणि नवीन कुंडी घेणार असाल तर पावसाळा संपल्यावर घ्या. वर चिकटवलेले कोरडे फूल आणि रंग फवारलेले काटे असलेला कॅक्टस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.