आधी ब्रेक, मग अश्वशक्ती

प्रश्न : १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंची व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर. बजेट बेताचं. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : बहुतेक मालक चार बॅरलच्या कार्ब्युरेटरपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. कंपनीच्या आकड्यांनुसार हे इंजिन २०० अश्वशक्तीचं, चार बॅरलवालं २२५ चं. आणि त्या फरकात वाढीव कॉम्प्रेशनचाही वाटा होता.

खरा धोका ब्रेकचा. १९६६ च्या मॉडेलमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले! १९६७ पासून तो दुहेरी झाला. पहिला खर्च इथे करावा. जमल्यास पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. टायर जुने असतील, तर नक्षी शाबूत दिसली तरी बदलावेत.

मग ‘शेल्बी ड्रॉप’. पुढचे वरचे कंट्रोल आर्म सुमारे एक इंच खाली बसवायचे. खर्च नव्या भोकांचा आणि अलाइनमेंटचा, पण वळणावर गाडी पुष्कळ सुधारते.

इंजिनाची आधी कॉम्प्रेशन चाचणी करावी. त्यात ते नापास झालं, तर कार्ब्युरेटरचे पैसे दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. पास झालं, तर ६०० सीएफएमचा कार्ब्युरेटर या इंजिनाला पुरेसा आहे.