त्रास नसताना डॉक्टर कशाला?

प्रश्न : चाकणला प्रेस शॉपमध्ये कामाला आहे. वय ४२, शिफ्ट फिरती. त्रास काहीच नाही, तरी घरचे म्हणतात फॅमिली डॉक्टर धरा. कसा निवडू? 'फुल बॉडी चेकअप' करून घेऊ का?

उत्तर : घरच्यांचं ऐका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असलेला, घराजवळचा डॉक्टर बघा. पण पदवीइतकंच महत्त्व त्याच्या प्रश्नांना द्या. काम कोणतं, रात्रपाळी किती, झोप कधी, तंबाखू खाता का, वडिलांना मधुमेह होता का, हे तो विचारतो का? वाढलेलं बीपी आणि साखर वर्षानुवर्षं काही जाणवू देत नाहीत. म्हणून महागड्या पॅकेजऐवजी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर तपासा. घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. तंबाखू असेल तर तोंडही दाखवा.

मला जास्त काळजी तुमच्या कानांची वाटते. प्रेसच्या सततच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ती इतकी हळूहळू जाते की आधी घरच्यांनाच कळतं, टीव्हीचा आवाज वाढल्यावर. दरवर्षी ऑडिओमेट्री करा, इअरप्लग पूर्ण शिफ्टभर वापरा.

ईएसआयचे विमेदार असाल तर चाळिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी मोफत आहे. चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा, आणि सगळे रिपोर्ट एकाच डॉक्टरला दाखवत राहा.