सणाची प्रेमकथा आणि गोठ्याचे वेळापत्रक : एक रूपविचार

लोकप्रिय वाङ्मयातील 'गोड' प्रेमकथेकडे आपल्याकडील अभ्यासकांनी बहुधा पाठच फिरवली आहे. जिचा शेवट वाचकाला पहिल्याच पानावर ठाऊक असतो, त्या कथेत अभ्यासण्याजोगे काय उरते, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः शेवट ठाऊक असतो म्हणूनच लेखकाचे सारे कसब मधल्या विलंबात गुंतते. विलंबाची कारणे कोठून आणायची, हा या प्रकाराचा खरा रचनाप्रश्न होय. गुराढोरांच्या प्रदेशात घडणारी आणि एका सणाच्या अवधीत पूर्ण होणारी प्रेमकथा मराठीत लिहावयाची झाल्यास हा प्रश्न कसा सुटतो, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विचार मर्यादित आहे.

या उपप्रकाराचा प्रचलित साचा अमेरिकी आहे. नाताळचा आठवडा, विस्तीर्ण कुरण, अबोल पशुपालक नायक, शहरातून आलेली नायिका आणि रस्ते बंद करणारे हिमवादळ, एवढ्या सामग्रीवर तेथे शेकडो कादंबऱ्या उभ्या राहिल्या. त्यांत एक गोष्ट गृहीत असते : कळप ज्याचा, कुरणही त्याचेच. त्यामुळे नायिकेने नायकाला स्वीकारणे म्हणजे एका कुंपणबंद मालमत्तेत प्रवेश करणे होय. हे गृहीत मराठी मुलुखात टिकत नाही. मेंढपाळ धनगराचा वाडा दुसऱ्याच्या रानात दोन-चार रात्री बसतो, खतापोटी धान्य वा पैसे घेतो आणि पुढे सरकतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगरांची म्हसरे चरत ती रानेही बहुधा त्यांच्या मालकीची नव्हती. साचा जसाच्या तसा उचलणाऱ्या लेखकाची कथा म्हणूनच पहिल्या प्रकरणातच खोटी वाटू लागते.

सणाशी जोडलेले ललित वाचन मात्र आपल्याला मुळीच परके नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळ आणि कथा ही जोडी मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. प्रेमकथेच्या तंत्राची चर्चाही ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात सविस्तर केली. तथापि फडके यांच्या नायक-नायिकांना रिकामा वेळ भरपूर असतो; त्यांच्या भेटीगाठी त्या वेळावरच उभ्या असतात. जनावरे बाळगणाऱ्या घरात रिकामा वेळ ही दुर्मिळ वस्तू. फडके यांचे तंत्र येथे अपुरे पडते ते नेमके या ठिकाणी.

परंपरेत शोधू जाता दोन आधार मिळतात. पहिला गौळणीचा. मथुरेच्या बाजाराला निघालेली गवळण आणि तिची वाट अडवणारा कृष्ण, हा प्रसंग संतांच्या पदरचनेपासून तमाशाच्या फडापर्यंत सर्वत्र दिसतो. येथे शृंगाराला आडकाठी होते ती धंद्यामुळे : दूध नासेल, बाजार उठेल. विलंबाचे कारण बाहेरून आणावे लागत नाही. ते डोक्यावरच्या माठातच असते.

दुसरा आधार अधिक मोलाचा आहे. खंडोबा आणि बाणाई यांची कथा ही मराठीतील पशुपालक प्रदेशाची आद्य प्रेमकथा म्हणावयास हरकत नाही. सारीपाटाच्या डावात म्हाळसेकडून हरलेला देव राज्य सोडतो, धनगराच्या घरी चाकर म्हणून राहतो, मेंढरे राखतो. पुढे मेंढरे मारून ती पुन्हा जिवंत करण्याच्या अटीवर बाणाईला मागणी घालतो. तपशील गायकागणिक बदलतात. पण वैभवशाली पुरुषाने ओळख लपवून पशुपालकाच्या घरी गड्याचे काम पत्करणे, हे आजच्या लोकप्रिय कादंबरीत हमखास आढळणारे सूत्र येथे शतकांपूर्वी सिद्ध झालेले आहे. फरक असा की, येथे घरदार आणि कळप नायिकेच्या पित्याचा. उपरा ठरतो तो नायक. त्याची परीक्षा होते ती श्रमात. गोड प्रेमकथेला न पेलणारी एकच बाब या कथेत आहे : घरी म्हाळसा आहे! वाघ्या-मुरळींच्या गीतांनी या अडचणीतून सवतींच्या भांडणाचा रसाळ भाग निर्माण केला, आणि जेजुरीच्या गडावर बाणाईचे स्थान वर न राहता अर्ध्या वाटेवर राहिले. गुंथर सोन्थायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांचा जो अभ्यास केला, त्यात म्हाळसा ही स्थिर वस्तीची व बाणाई ही रानाची प्रतिनिधी असल्याचे सूत्र महत्त्वाचे आहे. आधुनिक लेखकाला सवत नको असेल, तर वस्ती आणि रान यांमधील हे ताणणे तरी घ्यावेच लागेल.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) येथे आठवणे स्वाभाविक आहे. धनगरवाडीतील तरुण शिक्षकाभोवती प्रेमकथा सहज रचता आली असती. माडगूळकरांनी ती शक्यता जवळून जाऊ दिली आणि वाडीच्या दुष्काळाकडे वळले. त्यांचा संयम वाङ्मयीन दृष्ट्या योग्यच होता. परंतु त्यामुळे तो रिकामा कोपरा आजही रिकामाच आहे.

आता माण. माणदेशाचा हा उल्लेख नव्हे. हे माण पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा या गावाच्या शिवारात विस्तारला. ज्या तालुक्याने १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात जमिनीचा प्रश्न पुन्हा नव्या रूपाने उभा राहिला. अशा गावातील एखाद्या गोठ्यावर कथा कल्पावी : दावणीला आठ-दहा संकरित गाई, चरायला रान नाही, वैरण विकतची, समोर काचेच्या इमारती. पशुपालन येथे परिस्थितीने लादलेले नाही. जमीन विकून ते केव्हाही थांबवता येते. म्हणूनच ते चालू ठेवणे हा पात्राच्या स्वभावाचा पुरावा ठरतो, आणि कथाकाराला याहून अधिक काय हवे?

हिमवादळाचे काम येथे वेळापत्रक करते. पहाटे धार, मग शेण-झाडलोट, दूध संकलन केंद्रावर घालणे, तेथे फॅट लागेल त्याप्रमाणे दर; सायंकाळी पुन्हा तेच. दिवाळीलाही यातून सुटका नाही. उलट वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला, सण गोठ्यातूनच सुरू होतो. सवत्स धेनूची पूजा, उपवास करणाऱ्या बायकांनी त्या दिवशी गाईचे दूध-तूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाणे, येथपासून भाऊबिजेपर्यंत सहा तिथी मिळतात. कथेचा अवधी म्हणून त्या पुरेशा आहेत. भेटी घडतील त्या दोन धारांच्या मधल्या वेळात. संवाद तुटतील ते गाय हंबरल्यामुळे. व्यायला झालेली गाभण गाय लक्ष्मीपूजनाच्या रात्री अडली, तर मुहूर्ताला कोण पाटावर बसते आणि कोण गोठ्यात थांबते, एवढ्यावरून सारी पात्रे उघडी पडतात. खरवसाची वाटी शेजारी पोचवण्याचे निमित्तही त्यातूनच मिळते.

कथेतला खरा पेच मात्र सणाचा नव्हे, लग्नाचा आहे. शेती आणि गुरे असलेल्या मुलाला मुलगी मिळणे आज महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कठीण झाले आहे. मुलीचा, आणि तिच्या आईचाही, नकार उथळ नसतो. शेणात हात घालून वर्षे काढलेल्या स्त्रीचे ते अनुभवाचे मत असते. लोकप्रिय प्रेमकथा या नकाराला शहरी नखरा ठरवून मोकळी होते, आणि येथेच ती अप्रामाणिक होते. गोठ्यातले काम बहुतांशी बायका करतात, हे ज्या कथेत दिसत नाही, तिचा गोडवा उसना समजावा. आईचा नकार पूर्ण बळानिशी मांडला, तिला कथेतील सर्वोत्तम संवाद दिले, तरच नायिकेच्या होकाराला किंमत येते. पहाटेची धार तो स्वतः काढतो की नाही, हा प्रश्न या प्रकारात प्रेमपत्रापेक्षा मोठा आहे. खंडोबानेही मेंढरे राखली होती.

होकार शब्दांत सांगण्याचे टाळावे. गाय परक्या हाताला सहजी पान्हा सोडत नाही. वासरू लावावे लागते, कास कुरवाळावी लागते, आणि एखादी खोडीची असली तर लाथही बसते. पाडव्याच्या पहाटे नायिका कासंडी घेऊन बसली आणि गाईने पान्हा सोडला, एवढे लिहिले की पुरे. ग्रामीण वाचकाला पुढचे कळते. यंत्राने धार काढल्या जाणाऱ्या गोठ्यात मात्र ही खूण तितकीशी चालणार नाही. तेथे लेखकाला केंद्रावरील दुधाच्या वहीपर्यंत जावे लागेल : खाते कोणाच्या नावावर आहे, आणि पुढच्या दहा दिवसांचा हिशेब कोणाच्या हाती पडतो.