गाडी मोडून किल्ला केला तर?

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलाला मामाने लेगोचा गाडीचा संच दिला. पुस्तिका बघून त्याने गाडी जोडली आणि चौथ्या दिवशी मोडून किल्ला केला. आजोबा म्हणतात, महागाची वस्तू कपाटात ठेवायला हवी होती. काय करावं?
– एक आई, नेवासा

उत्तर : मुलाने क्रम अगदी बरोबर ठेवला. सांधे एकाखाली एक न आणता विटा रचल्या की भिंत पक्की होते, हे पुस्तिकेप्रमाणे जोडताना हाताला कळतं. पुढचा खेळ त्याचा. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त 6 विटा 91,51,03,765 प्रकारे जुळतात. 1958 सालची वीटही आजच्या विटेत बसते.

आजोबांना दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याची आठवण करून द्या. तो मोडतो म्हणूनच पुढच्या वर्षी नवा होतो. शिवाय आपण नेवाशाचे! गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या 1290 मध्ये इथेच उभ्या राहिल्या आणि मूळ गीताही शाबूत राहिली.

थोडी पथ्यं पाळा. विटा कापू, रंगवू किंवा चिकटवू नयेत. मोडण्याआधी फोटो काढावा. पुस्तिका जपावी आणि सगळे तुकडे एकाच डब्यात ठेवावेत, म्हणजे गाडी पुन्हा जोडता येईल. धुवायला कोमट पाणी वापरा, वाळवायला सावली.

संच दुर्मीळ असेल आणि पुढे विकायचा असेल, तरच खोका बंद ठेवा. पण मग ते खेळणं उरत नाही, ठेव होते.